आधी नाव, मग हात

३ मार्च, केनी रन

रॉइस,

आशीर्वाद शेवटी लिहीन, उरले तर.

तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच, कोंबडीने उकिरडा उकरल्यासारखं. माझंही त्याच वळणाचं आहे, पण मला चौथीतच शाळेतून काढून भावंडं सांभाळायला बसवलं होतं. तुला तसं काही झालं नाही.

केंड्रा, तुझी बायको, कशी आहे म्हणून विचारतोस. जबडा तारेने बांधलाय. कुठल्या बाजूने मोडला ते तुला मी कशाला सांगू. ती नळीने पिते. मी घेवडा मऊ शिजवते, कापडातून गाळते, वर हाडांचं पाणी घालते. बोलते ती दातांच्या फटीतून, आणि थोडंच बोलते. तार कापायची कातरी तिच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेली असते. उलटी झाली तर पटकन तार कापायची, नाहीतर गुदमरून मरेल, असं डॉक्टरने सांगितलंय. पोटुशी बाई, सकाळी मळमळ व्हायचीच. सकाळ झाली की मी तिच्यासमोर बसते आणि त्या कातरीकडे बघत राहते. तू तिकडे काय बघतोस ते मला माहीत नाही.

तू लिहितोस, "आई, तू समजाव तिला. तुझं ती ऐकते." ऐकते खरी, म्हणूनच समजावणार नाही.

आता नीट वाच. केंड्रा आणि तुझी पोरगी जोसी माझ्याकडे राहतात. पोटातलं बाळ उन्हाळ्यात येईल, तेही इथेच येईल. तू जूनमध्ये तुरुंगातून सुटशील. सुटलास की तुझ्या त्या दोस्ताकडे, डेलकडे जा, नदीपलीकडे ओहायोत जा, कुठेही जा. या फाटकाच्या आत यायचं नाही. कोर्टाने कागदावर लिहून दिलंय ते वेगळं. हे मी सांगतेय.

घरात कुत्री आलीत. शर्यतीच्या ट्रॅकवरून उतरलेले ग्रेहाउंड, कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायचे. खूळ केंड्राचं. फिलिस अँब्रोज म्हणून एक बाई आहे, ती ट्रॅकवरून कुत्री आणते आणि घरोघर वाटते. बिस्किट आणि मफिन या दोन म्हाताऱ्या तिने आधीच आणून टाकल्या होत्या. आता तिसरा. मी म्हटलं, "आयुष्यभर मी या जातीसाठी मटण कालवलं, यांची घाण उपसली. आता म्हातारपणी यांना सोफ्यावर बसवू?"

केंड्राही जोसीसारखं मला मॅमॉ, आजी म्हणते. दातांतून म्हणाली, "मॅमॉ, मला घरात कुणीतरी मोठं हवंय."

"मी आहे की."

"तुम्ही माझ्या खांद्याला लागता."

मोठा मिळाला खरा. अंगावर वाघासारखे पट्टे, पिंजऱ्यात लोळून मांड्यांना टक्कल, बरगडीवर कठड्याला घासल्याचा लांब व्रण. ट्रॅकवरचं नाव रिव्हर जज, आम्ही जज म्हणतो. भुंकणं त्याला येत नाही. चोर आला तर हा सरकून त्याला बसायला जागा देईल. जिना कधी पाहिला नव्हता, पहिल्या पायरीपाशी उभा राहून थरथरला. काच पाहिली नव्हती, मागच्या दारावर आपटून नाक फोडून घेतलं. त्याच्या दोन्ही कानांत निळ्या शाईने नंबर गोंदलेत, तुला माहीतच आहे. जोसीने कान उलटून पाहिला आणि विचारलं, "मॅमॉ, बाबांच्या कानात पण असतो का नंबर?"

मी म्हटलं, शर्टावर असतो.

आणखी एक. ही जात उघड्या डोळ्यांनी झोपते, हे तुला नव्याने सांगायला नको. जन्मभर पिंजऱ्यात एकटी झोपलेली, झोपेत अंगाला कुणाचा हात लागलेला नसतो. लागला की दात आधी चालतात, डोकं मागून जागं होतं. म्हणून मी जोसीला पहिल्या दिवशीच शिकवलं. आधी नाव घ्यायचं. कान हलला, मान वळली, की मग हात. आधी नाव, मग हात.

त्याच आठवड्यात मी केंड्राला उठवायला गेले. खुर्चीत बसली होती, डोळे उघडे. जागी आहे समजून खांद्यावर हात ठेवला. तिचं कोपर माझ्या नाकावर बसलं, दोन दिवस रक्त थांबेना. ती बिचारी माफी मागत रडायला लागली, आणि तार असताना रडणं म्हणजे काय ते मी पाहिलं. तेव्हापासून घरात दोघांना एकच नियम आहे.

थंडी आहे म्हणून मोजे पाठवलेत. त्याचा दुसरा अर्थ काढू नकोस.

आई


३० मार्च

रॉइस,

शेजारच्या वर्जिलचा सिनेटर मेला. माणूस नव्हे, बोका.

झालं असं की कुत्री मागच्या लांब कुंपणात सोडताना मी त्यांना मुसकी बांधते, ट्रॅकवर बांधायचे तशीच. मुसकं म्हणजे कुत्रा वाईट असं नव्हे. ती त्यांची चप्पल आहे, बाहेर जाताना घालायची. पण जोसीला ते कसं कळावं. तिने आईचं तारेने बांधलेलं तोंड पाहिलंय महिनाभर. केंड्राची तार निघाली त्या दिवशी पोरीने जाऊन जजचं मुसकं काढलं. म्हणाली, "आता सगळ्यांचंच काढू या."

सिनेटर कुंपणावर बसून अंग चाटत होता. जजने त्याला हवेतून उचलला. एक झटका, दुसरा झटका. पहिल्या झटक्यालाच मान गेली होती, दुसरा सवयीचा. मग पोट फाटलं. जोसी हातात मुसकं धरून उभी होती, तिच्या फ्रॉकवर उडालं. ती ओरडली नाही. हेच मला आवडत नाही, पोरगी ओरडत नाही.

जज बोका टाकून वर्जिलच्या उघड्या फाटकातून रस्त्याकडे सुटला. मी तुझ्या बापाची शिट्टी काढली. ती सशाच्या किंकाळीची, ट्रॅकवर कुत्र्यांचं लक्ष ओढायला वाजवायचे ती. मरता ससा जसा ओरडतो, अगदी तसा आवाज. ती ऐकून मेलेला ग्रेहाउंडही उठेल. जज वळला आणि आला. आणि वाटेत उभी जोसी.

मी ओरडले, "जोसी, उभी राहा. हलायचं नाही. गुडघे सैल सोड." पोरगी खांबासारखी उभी राहिली. जज तिच्या फ्रॉकला वारा लावून बाजूने गेला. कुत्रा माणसाला चुकवतोच, माणूस जागचा हलला नाही तर. तुला मी हेच शिकवलं होतं. तू सात वर्षांचा असताना पळालास, हासळी मोडून घेतलीस आणि वर कुत्रीला दगड मारलास.

वर्जिल आला. ट्रॅकवर खोटा ससा पळवायचं काम त्याने जन्मभर केलं, माहीत आहे तुला. मी म्हटलं, "वर्जिल, चूक माझ्या घराची. दुसरं मांजर आणून देते."

तो बोक्याला पोत्यात भरत म्हणाला, "ओर्फाबाई, जन्मभर मी यांना चिंधीचा ससा दाखवला. एकदा खरा मिळाला, तर काय बोलू." मग पोत्याचं तोंड बांधत म्हणाला, "पण बोका चांगला होता हो."

जजला राग आला नव्हता. मारून झाल्यावर तो जीभ बाहेर काढून हसत माझ्यापाशी आला, मटण मागायला. तू लिहितोस की तुला "रागाच्या भरात कळलं नाही." मी जन्मभर मारणारी जनावरं पाहिलीत. त्यांच्यात राग असलेलं एकही नव्हतं, आणि एकानेही सकाळी उठून माफी मागून दुपारी पुन्हा केलेलं नाही.

केंड्राने मक्याचा कॉर्नब्रेड खाल्ला, दुधात बुडवून. पोट दिसायला लागलंय.

जोसीच्या ओठाला टाके पडलेत. पायरीवरून पडली.

आई


११ मे

रॉइस,

डेलची बायको दवाखान्यात झाडू मारते हे मी विसरले. तेव्हा तुला कळलंय, आणि आता तू लिहितोस की सुटलो की कोर्टात सांगेन, माझी मुलगी चावऱ्या कुत्र्यांत राहते, ती मला द्या.

बरं. पायरीवरून पडली नाही. जज चावला.

ते असं. शाळेतून आल्यावर जोसी दमली होती. जज त्याच्या गादीवर पडला होता, डोळे उघडे. तिला वाटलं जागा आहे. नाव घेतलं नाही, कारण जाग्या माणसाला कोण हाक मारतं? त्याच्या मानेत तोंड खुपसून आडवी झाली. एक दात वरच्या ओठातून आरपार गेला, एक गालात. क्षणभराचं काम. त्याला जाग आली तेव्हा तोंडात पोरीचं रक्त होतं. तो सोफ्यामागे जाऊन मुतला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी पोरीचा ओठ चिमटीत दाबून धरला, केंड्राने गाडी काढली. पोरगी वाटेत माझ्या बोटांमधून बोलत होती. म्हणत होती, "मी नाव नाही घेतलं, मॅमॉ. मी नाव नाही घेतलं."

तुझ्यापासून मी लपवलं ते याचसाठी, की तू काय करशील ते ठाऊक होतं. पोरगी तुला हवी असती तर तिच्या ओठाचं आधी विचारलं असतंस. तुझ्या पत्रात दोन पानं आहेत. ओठ कसा आहे, हे कुठेच नाही.

फिलिस अँब्रोज कुत्रा परत न्यायला आली. तिचा नियमच आहे, मूल चावलं की कुत्रा परत. पट्टा हातात घेऊनच आली. भली बाई आहे, रडून आली होती. "केंड्रा, वाईट वाटून घेऊ नकोस," म्हणाली, "लेकरं असलेल्या घरात नको तो. आणि तुझं दुसरं येतंय."

मलाही तेच वाटत होतं. मी म्हटलं, "ने बाई. मी आणखी एखादा ओठ धरून बसणार नाही."

केंड्रा भांडी विसळत होती. हात पुसले. तिचा जबडा आता थोडा वाकडा बसलाय, त्यामुळे ती बोलायच्या आधी तो एकदा सरकवते. म्हणाली, "याने झोपेत केलं. त्याने जागेपणी केलं. झोपेत केलेल्याला मी घराबाहेर काढणार नाही."

फिलिस माझ्याकडे बघायला लागली. "तो" म्हणजे माझं पोर.

"पण बाळ?" फिलिस म्हणाली.

"दोघांमध्ये दार राहील. रात्री तो पिंजऱ्यात झोपेल. जोसी नाव घेईल." मग तिने जबडा पुन्हा सरकवला. "फिलिस, मुलाला चावलेला कुत्रा दुसरं कुणी घेणार आहे का? खरं सांग."

फिलिस खरं बोलली नाही, म्हणजे आम्हाला खरं कळलं. शेवटी तिने पट्टा खुंटीला टांगला. केंड्राने सही केली. आता तो सांभाळायला दिलेला नाही, आमचा आहे. बिस्किट आणि मफिनही. तुला कोर्टात सांगायचं तर तेही सांग, सगळी कुत्री त्याच नावावर आहेत ज्या नावाचा जबडा तू मोडलास.

आणि तिथल्या समुपदेशक बाईला तू सांगितलंस म्हणे, की बापाने तुला दहाव्या वर्षी शेडमागे नेऊन न पळणाऱ्या कुत्र्यांचा दोर धरायला लावला आणि तुझ्यासमोर त्यांच्या कानात गोळी घातली. खरं आहे. होबार्ट तसा होता, आणि तेव्हा सगळेच तसं करत. मेंदू बुटांवर उडायचा, संध्याकाळी मी ते बूट धुवायचे. पण तू शाळेत असायचास त्या दिवशी दोर कोण धरायचं असं तुला वाटतं? मी धरायचे. मी कुणाचा जबडा मोडलेला नाही. तेव्हा तो दोर घेऊन माझ्या दारात येऊ नकोस. दुसरंही टोक माझ्याच हातात होतं.

फाटकाला नवीन साखळी लावली आहे.

आई


३० जून

रॉइस,

तू शुद्धीवर आलास असं नर्सने फोनवर सांगितलं. पायात सळई घातली आणि खाटेला बेडी आहे, हेही सांगितलं.

शेरीफचा डेप्युटी वेट्झेल काल येऊन गेला. टोपी काढून बसला, पेपरोनी रोल खाल्ले, मग म्हणाला, "ओर्फाबाई, तुमचा मुलगा म्हणतो, आईने माझ्या अंगावर कुत्री घातली."

मी म्हटलं, "मी कुत्री बोलावली. तो वाटेत होता."

"एवढंच लिहू?"

"एवढंच लिही. खरं आहे ते."

खरं आहेच. पण तुला तेवढं पुरणार नाही. नर्सकडून तू निरोप दिलास, आईला विचारा, तिने जाणूनबुजून केलं का. तुला त्यातलं अर्धं आठवत नाही म्हणतोस. तेव्हा मी पहिल्यापासून सांगते. एकदाच सांगेन.

दुपार होती. जोसी वर्जिलकडे सोंगट्या खेळायला गेली होती, ते एक बरं झालं. केंड्रा ओसरीवर खुर्चीत होती, मांडीवर घेवड्याच्या शेंगांचं भांडं, हातात छोटी सुरी. पोट इतकं आलेलं की भांडं गुडघ्यांवर ठेवावं लागे. निवडता निवडता तिचा डोळा लागला होता. कुत्री लांब कुंपणाच्या पलीकडच्या टोकाला सावलीत पडलेली, मुसकी बांधून. मी मटणाची बादली घेऊन मागून येत होते.

गाडी तू खाली वळणावर ठेवलीस आणि पायी आलास. साखळी तोडली नाहीस, वरून उडी मारलीस. ओसरीवर आलास आणि मागून तिच्या मानेवर हात ठेवलास.

तू म्हणतोस प्रेमाने ठेवला. असेल. मी कोपऱ्यावरून पाहिलं, तुझा हात हळूच पडला हे खरं. पण तिचे डोळे उघडे होते, आणि तुला वाटलं ती जागी आहे. तू ट्रॅकवर जन्मलास, तुला उघड्या डोळ्यांची झोप पाळण्यात असल्यापासून ठाऊक. कुत्र्याला तू कधी तसा हात लावला नसतास. नाव घेतलं असतंस.

सुरी तुझ्या हातात हाडापर्यंत गेली. तिला जाग यायच्या आधी गेली. मग तिला जाग आली आणि तिने पाहिलं कोण आहे.

मग तू जागेपणी सुरू केलंस. पहिला ठोसा त्याच जबड्यावर. ती खुर्चीसकट पडली, शेंगा सगळीकडे. ती पोटाभोवती गोळा झाली आणि तू तिला पाठीत लाथ मारलीस. मग केसांना धरून पायऱ्यांवरून खाली ओढलीस. तिचं डोकं प्रत्येक पायरीवर आपटत होतं. ती ओरडत नव्हती, जोसीसारखीच. दोन्ही हात पोटावर होते, डोकं वाचवायला एकही रिकामा नव्हता.

मी बादली तुझ्या तोंडावर हाणली. तुझी भुवई फाटली, मटण दोघांच्या अंगावर. तू मला एका हाताने ढकललंस, मी कुत्र्यांच्या कुंपणाच्या उघड्या फाटकाच्या खांबावर पडले, मनगट मोडलं. तू म्हणालास, "म्हातारे, मध्ये पडू नकोस, नाहीतर तुलाही." पुढचं बोलला नाहीस. पुन्हा तिचे केस धरलेस.

शिट्टी माझ्या गळ्यात होती. डावा हात चालत होता.

मी वाजवली.

तू केस सोडलेस. तो आवाज तू ओळखलास, तुझं तोंड पाहिलं मी. तू कुंपणाच्या तोंडाशी, मधोमध. तिघं एका रेषेत येत होती, जज पुढे. जमिनीतून आवाज येत होता, पावसाळी ढग लांबून वाजावेत तसा. आणि मी ओरडले, "रॉइस, उभा राहा. हलू नकोस. गुडघे सैल सोड."

तू पळालास. आडवा, त्यांच्या वाटेवरून, रस्त्याच्या फाटकाकडे.

जज तुझ्या गुडघ्याखाली बाजूने येऊन आदळला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. तुझा पाय मागे वळला तो मी पाहिला, हाड पँटमधून बाहेर आलं. तू उलटा फिरून डोक्यावर पडलास. मफिन तुझ्यावरून उडी मारून गेली. बिस्किटने तुला चुकवलं. जज मुसकं फुटून मातीत तोंडावर घसरत गेला आणि माझ्या पायांपाशी येऊन थांबला. मान मोडली होती. मटण माझ्या अंगावर सांडलं होतं, त्याची जीभ माझ्या चपलेला लागली, आणि मग तो उघड्या डोळ्यांनी पडून राहिला. मी नाव घेतलं. कान हलला नाही.

वर्जिल बंदूक घेऊन आला. तुला पाहून म्हणाला, "हे काम झालेलं दिसतंय." मग बंदूक ठेवून केंड्राच्या डोक्याखाली स्वतःचा कोट दिला.

आता तुझा प्रश्न. जाणूनबुजून केलं का?

मी घरात नियम घातला होता. आधी नाव, मग हात. जोसीसाठी, केंड्रासाठी, कुत्र्यांसाठी. तुझ्या बाबतीत तो मीच मोडला. शिट्टी आधी वाजली. नाव मागून घेतलं.

आणि शिट्टी ओठाला लावली तेव्हा मला माहीत होतं की तू पळशील. तू लहानपणीही पळाला होतास.

डेप्युटीला हे सांगितलेलं नाही. तुला सांगितलं, कारण तू विचारलंस, आणि मी तुझी आई आहे.

बाळाचे ठोके लागतात. केंड्राला तिथेच ठेवून घेतलंय, तुझ्या वरच्या मजल्यावर. दारात पहारा आहे.

आई


२ सप्टेंबर

रॉइस,

तुला या वेळी जास्त वर्षं दिलीत असं डेलने सांगितलं. आता लंगडतोस, असंही म्हणाला. ट्रॅकवर पाय मोडलेल्या कुत्र्याचं काय करायचे ते आपण दोघांनी पाहिलंय. माणसांना जेवण देतात, औषध देतात, शिकलेली बाई समोर बसवतात. त्या बाईशी नीट बोल. दोराची गोष्ट सोडून बाकीचं सांग.

मुलगी झाली. वेळेआधी, पण सगळं जागच्या जागी आहे आणि आवाज मोठा आहे. ही ओरडते. पहिल्या रात्री अशी ओरडली की बिस्किट उठून न्हाणीघरात जाऊन बसली. जोसीने विचारलं, "मॅमॉ, हिला काही होतंय का?" मी म्हटलं, काही होत नाहीये, म्हणूनच ओरडतेय.

तू तिचं नाव विचारलंस. सांगणार नाही. नाव कळलं की माणूस हाक मारतो, आणि हाक मारली की हात लावायचा हक्क आला असं त्याला वाटतं. त्या नियमातली एक गोष्ट माझी शिकवायची राहिली होती. नाव घेतल्यावर थांबायचं असतं. मान वळली तर हात. नाही वळली तर आपल्या वाटेने जायचं.

जजला पॉपॉच्या फळझाडाखाली पुरलं. खड्डा वर्जिलने खणला, माझा हात प्लास्टरमध्ये होता. खणताना म्हणाला, "ओर्फाबाई, माझ्या बोक्याला मारणाऱ्याचा खड्डा मीच खणतोय. खालच्या वस्तीवरचे लोक हसत असतील." जोसीने मुसक्याचे तुकडे आत टाकायचं म्हटलं तर केंड्रा म्हणाली, नको, तिकडे लागत नाही.

मागच्या आठवड्यात फिलिस दोन नवी घेऊन आली. एक काळी, एका डोळ्याने अधू, आणि एक नर, जिन्याला घाबरतो. मी म्हटलं, "बाई, हे घर आहे की पिंजरे?" केंड्रा बाळाला पाजत होती, म्हणाली, "मॅमॉ, दोन दिवसांसाठीच." जज पण दोन दिवसांसाठीच आला होता. मी त्यांना मटण कालवायला बसले. नराला आम्ही वरची पायरी शिकवतोय. जोसी स्वतः चार पायांवर होऊन चढून दाखवते. तिच्या ओठावरची खूण आता पांढरी झाली आहे, हसली की थोडी वर ओढते.

तू लिहिलंस, "सुटलो की एकदा येऊन केंड्राच्या पाया पडेन. फाटकाबाहेर उभा राहीन. फक्त तिला पाहू दे."

काल दुपारी मी अंगणातून येत होते. ती ओसरीवर त्याच खुर्चीत झोपली होती, बाळ पोटावर, पायांशी काळी कुत्री. मी नाव घ्यायला तोंड उघडलं आणि थांबले. वाकून पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते. घट्ट मिटलेले, तोंड उघडं, वाकड्या जबड्यातून थोडी लाळ गळत होती.

मी तिला उठवलं नाही.

तूही उठवू नकोस.

या वेळी आशीर्वाद उरलेत. पाठवतेय. सोबत मोजे आहेत, त्यांच्या आत बघ.

आई